‘ना’ म्हणजे नाही, ना?

ग्रीस आणि बल्गेरिया हे सीमेला सीमा लागून असलेले देश. ग्रीक माणसाला काही विचारलंत आणि तो ‘ने’ म्हणाला, तर समजायचं की त्याचा होकार आहे. तिथून उत्तरेला बल्गेरियात गेलात, तोच प्रश्न विचारलात आणि समोरून तेच ‘ने’ आलं, तर तो नकार. उच्चार जवळजवळ तोच, अर्थ मात्र नेमका उलटा. त्यात भर म्हणजे बल्गेरियात होकार देताना मान आडवी हलवण्याची आणि नकार देताना उभी हलवण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे मानेकडे बघूनही परक्या माणसाला काही उलगडा होत नाही.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या मनात लगेच आलं, की यातला आपल्या ‘न’चा नातेवाईक कोणता? कारण मराठीतला जवळजवळ सगळा नकार या एका अक्षरावर उभा आहे. नाही, नको, नव्हे, नये, नसणे, न सांगता, ना धड इकडे ना धड तिकडे. आणि गंमत अशी, की आपणच ‘चल ना’, ‘बस ना जरा’, ‘तू येशील ना?’ असंही दिवसभर म्हणत असतो, आणि त्यात नकाराचा मागमूसही नसतो. उलट आग्रह असतो. एकच अक्षर एका वाक्यात दार लावतं आणि दुसऱ्या वाक्यात हाताला धरून आत नेतं.

एवढ्याशा शब्दाचा माग काढायला निघालं की भाषा कशा चालतात, कशा झिजतात, एकमेकींशी नातं कसं सांगतात, हे बरंचसं समजून येतं. लांबलचक शब्दांपेक्षा या चिमुकल्या शब्दांचा प्रवास मला कितीतरी जास्त मोलाचा वाटतो.

खरे भाऊबंद

संस्कृतात नकाराला ‘न’. फारसीत ‘ना’ आणि ‘न’. रशियन, बल्गेरियन, चेक अशा स्लाव्ह भाषांत ‘ने’च्या जवळपासचा उच्चार. लिथुआनियन भाषेत ‘ने’. जुन्या इंग्रजीत ‘ने’. जुन्या लॅटिनमध्येही ‘ने’. हा योगायोग नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं, आणि पुढच्या शंभर वर्षांत अभ्यासकांनी ते नातं शब्दागणिक तपासून पक्कं केलं. या कुळाला आपण भारोपीय भाषाकुल म्हणतो. त्याच्या मूळ भाषेत नकाराचा शब्द ‘ने’ असा होता असं मानतात. संस्कृतात जुन्या ‘ए’चा ‘अ’ झाला, म्हणून आपल्याकडे तो ‘न’ होऊन आला.

पण एक शब्द जुळला म्हणून दोन भाषा नात्यातल्या, असं कुणी म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. नातं सिद्ध व्हायला जुळणी शिस्तीची लागते. एका ठिकाणी एक ध्वनी बदलला असेल, तर तसाच बदल इतर शेकडो शब्दांतही दिसायला हवा. याचं एक उदाहरण अगदी जवळून बघू.

मूळ ‘ने’चं एक अशक्त रूप होतं, ज्यातला स्वर गळून नुसता ‘न्’ उरायचा आणि तो शब्दाच्या पुढे चिकटायचा. संस्कृतात हा ‘न्’ व्यंजनापूर्वी ‘अ’ झाला आणि स्वरापूर्वी ‘अन्’. म्हणून अज्ञान, अशक्य, अमर. पण अनादि, अनंत, अनुचित. ग्रीकमध्ये नेमकं हेच घडलं. व्यंजनापूर्वी ‘अ’, स्वरापूर्वी ‘अन्’. लॅटिनमध्ये त्याचा ‘इन’ झाला, इंग्रजीत ‘अन’. आता ‘अज्ञात’ हा शब्द घ्या. त्याचे तुकडे अ, ज्ञा, त. ग्रीकमध्ये ‘अग्नोतोस’, लॅटिनमध्ये ‘इग्नोतुस’, इंग्रजीत ‘अननोन’. पुढचा नकार तर जुळतोच, शिवाय मधला ‘ज्ञा’, ‘ग्नो’ आणि ‘नो’ हेही एकाच धातूचे. इंग्रजीत जाणण्याचा ‘नो’ लिहिताना सुरुवातीला जे मुकं ‘के’ लिहितात ते उगाच नाही, तो त्या जुन्या ‘ग्’चाच माग आहे. चार भाषांत तुकड्याला तुकडा बसतो. याला म्हणतात जुळणी.

आणि ही गोष्ट फक्त पोथ्यांतली नाही. रक्ताची तपासणी झाली आणि अॅनिमिया निघाला असं आपण सहज बोलून जातो. त्यातला ‘अॅन’ म्हणजे ग्रीक ‘अन्’, पुढे रक्त. म्हणजे रक्त नसणं. ‘अनंत’मधला ‘अन्’ आणि ‘अॅनिमिया’मधला ‘अॅन’ हे एकाच आईचे. ‘अॅटम’मधला पहिला स्वरही तोच. ‘तोमोस’ म्हणजे कापलेलं, ‘अतोमोस’ म्हणजे कापता न येणारं. अविभाज्य म्हणावं तसं.

तर बल्गेरियन ‘ने’ हा आपल्या ‘न’चा सख्खा भाऊ. मग ग्रीकांचा होकारार्थी ‘ने’ कुठून आला?

तो वेगळाच शब्द आहे. प्राचीन ग्रीकमध्ये त्याचा उच्चार ‘नाइ’ असा होता आणि तेव्हाही तो होकाराचाच होता. त्याच्या जोडीला ‘ने’ असा आणखी एक जुना शब्द होता, जो शपथ घेताना वापरत. ‘ने तोन दिया’ म्हणजे झ्यूसची शपथ, अगदी खरं. पुढे काळाच्या ओघात ग्रीकमधल्या ‘आइ’ या जोडस्वराचा ‘ए’ झाला आणि ‘नाइ’चा उच्चार ‘ने’ होऊन बसला. लिहिताना आजही तो जुन्याच पद्धतीने लिहितात. म्हणजे शेजारच्या भाषेतल्या ‘नाही’शी त्याचा जो गोंधळ होतो, तो मूळचा नव्हेच. दोन वेगळे शब्द वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच उच्चारापाशी थांबले. आणि ग्रीकांनी मूळ भारोपीय ‘ने’चं काय केलं? स्वतंत्र शब्द म्हणून तो त्यांनी केव्हाच सोडून दिला. त्याऐवजी ‘ऊ’ असा दुसराच नकार घेतला. या ‘ऊ’चं पुढे काय झालं ते थोड्या वेळाने बघू, कारण ते फार सुंदर आहे.

असाच दुसरा सापळा ‘नो’चा. इंग्रजी, स्पॅनिश, इटालियनमध्ये ‘नो’ म्हणजे नाही. पोलिश माणूस गप्पांत ‘नो, नो’ म्हणत मान डोलावतो तेव्हा तो ‘हो, हो’ म्हणत असतो. चेक भाषेतही बोलताना तसंच. तिथे ‘हो’ला ‘आनो’ म्हणतात आणि ‘नो’ हे त्याच्याच शेपटासारखं वापरतात. फिनिश भाषेत ‘नो’ म्हणजे ‘बरं, तर मग’. जपानीत ‘नो’ म्हणजे आपला ‘चा-ची-चे’.

इतके शब्द सारखे का होतात?

‘ना’ घेऊन जगभर फिरलात तर काय हाती लागेल बघा. तेलुगूत ‘ना’ म्हणजे ‘माझा, माझी, माझं’. स्वाहिलीत ‘ना’ म्हणजे ‘आणि’, किंवा ‘सोबत’. रशियनमध्ये ‘ना’ म्हणजे ‘वर’. आणि हातात काही देताना ‘ना!’ म्हटलं तर ‘हे घे!’. आयरिशमध्ये ‘ना’ हे अनेकवचनी नामापुढे लावायचं उपपद आहे. आणि पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरच्या भाषेत ‘ना’ हेसुद्धा अनेकवचनी नामापुढे लावायचं उपपदच आहे! हे वाचून कुणालाही वाटेल, की आयरिश दर्यावर्दी कधीतरी हवाईला पोचले असणार. तसं काहीही नाही. निव्वळ योगायोग. आणि हवं तर यात आपणही सामील होऊ शकतो: ‘मुलाला’ पण ‘मुलांना’, ‘झाडाला’ पण ‘झाडांना’. आपलाही ‘ना’ अनेकवचनातच येतो. तरीही हे तीन ‘ना’ एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

मग असे योगायोग इतके का घडतात? याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. एक व्यंजन आणि एक स्वर मिळून एक अक्षर. हवाईच्या भाषेत व्यंजनं फक्त ८ आणि मूळ स्वर ५. म्हणजे व्यंजन आणि ऱ्हस्व स्वर यांची अक्षरं झाली ४०. दीर्घ आणि जोडस्वर धरले तरी साठा छोटाच. एखाद्या भाषेत २० व्यंजनं आणि ५ स्वर असले तर अशी अक्षरं १००. आता प्रत्येक भाषेला ‘आणि’, ‘पण’, ‘नाही’, ‘हो’, ‘चा’, ‘ला’, ‘वर’, ‘मी’, ‘तो’ असे रोज शेकडो वेळा लागणारे शब्द हवेतच, आणि ते आखूड हवेत. जॉर्ज झिप्फ या अमेरिकन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नीट मोजून दाखवलं, की जो शब्द जास्त वापरात तो साधारणपणे आखूड. भांड्याचा काठ रोजच्या वापराने झिजावा तसं हे आहे. जगात आज सुमारे ७,००० भाषा आहेत. प्रत्येकीला आखूड शब्द हवेत आणि आखूड अक्षरांचा साठा मात्र मोजका. त्यातही ‘न’ हा जगातल्या बहुतेक भाषांत सापडणारा ध्वनी आणि ‘अ’ किंवा ‘आ’च्या जवळचा स्वर तर जवळपास सगळीकडे. मग सगळ्यांच्या पिशवीत ‘ना’ निघणारच. तो निघाला नसता तरच नवल.

म्हणून कुणी दोन भाषांतले पाच-दहा आखूड शब्द शेजारी ठेवून ‘बघा, आमचीच भाषा तिकडे गेली होती’ असं म्हणतं, तेव्हा मला वाईट वाटतं. अशा याद्या फार आवडीने पुढे पाठवल्या जातात. पण आखूड शब्दांचं साम्य हा सगळ्यात कच्चा पुरावा. शब्द जितका लहान तितकी त्याची साक्ष कमजोर.

सारखं काम, सारखा शब्द

नातं आणि योगायोग याखेरीज साम्याचं तिसरंही एक कारण असतं, आणि ते ओळखायला वेळ लागतो. काही शब्द कामच असं करतात, की त्या कामामुळे त्यांचा आकार सगळीकडे सारखा होत जातो. समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही तर आपण काय म्हणतो? ‘अं?’ नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतल्या तीन संशोधकांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या भाषांतली रोजची संभाषणं तपासून २०१३ साली दाखवलं, की हा शब्द जवळजवळ सगळीकडे असाच आहे. आखूड, तोंड सैल ठेवून काढलेला मधला स्वर, आणि प्रश्नाचा सूर. कारण उघड आहे. समोरचा बोलत असताना चटकन अडवायचं, विचार न करता बोलता येईल असं काहीतरी उच्चारायचं, आणि सुरावरून ‘पुन्हा सांग’ हे कळवायचं. हे काम करायला यापेक्षा सोपा ध्वनी नाही. जीभ हलवावीही लागत नाही. या संशोधनाला २०१५ साली ‘इग नोबेल’ हा पुरस्कार मिळाला, जो आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

आईसाठी ‘म’ आणि बापासाठी ‘ब’ किंवा ‘प’ हेही असंच. बाळाला आधी जमतात ते ओठांचे ध्वनी, आणि मोठी माणसं त्यांना स्वतःची नावं समजून घेतात. पण इथेही नियमाला धरून बसू नये. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाबा आणि ‘देदा’ म्हणजे आई. आपल्याकडे तर मामा हा आईचा भाऊ.

मग नकाराचा ‘न’ही असाच असेल का? डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांना तसं वाटलं होतं. नको असलेली गोष्ट समोर आली की आपण नाक आक्रसतो, आणि नाकातून निघणारा ध्वनी हाच नकाराचा शब्द झाला असावा, असा त्यांचा तर्क. ऐकायला पटतो. हंगेरियनचं ‘नेम’, जपानीचं ‘नाइ’ हे बघितलं तर आणखी पटतो. पण मग अरबीत ‘ला’, तमिळमध्ये ‘इल्लै’, चिनीत ‘बू’, तुर्कीत ‘हायर’, फिनिशमध्ये ‘एइ’, इंडोनेशियनमध्ये ‘तिदाक’. यात नाक कुठे आक्रसायचं? मला हा तर्क अपुरा वाटतो. भारोपीय कुळ जगभर पसरलं, त्याच्या भाषा आपल्या कानावर सतत पडतात, म्हणून ‘न’ आपल्याला नकाराचा जन्मजात ध्वनी वाटतो, एवढंच.

नकार झिजतो, मग त्याला टेकू लागतो

याच येस्पर्सन यांची दुसरी एक मांडणी मात्र पक्की ठरली. १९१७ साली त्यांनी नकारावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दाखवलं, की नकाराचा शब्द वापरून वापरून इतका हलका होतो, की ऐकू येईनासा होतो. मग माणसं त्याला टेकू देतात. पुढे टेकूच खांब होतो, आणि मूळ शब्द गळून पडतो.

फ्रेंचमध्ये हे आपल्या डोळ्यांसमोर चाललं आहे. जुन्या फ्रेंचमध्ये क्रियापदापुढे नुसता ‘न’ असायचा. तेवढ्याने जोर येईना, म्हणून लोक पुढे ‘पा’ जोडू लागले. ‘पा’ म्हणजे पाऊल. मी एक पाऊल चालत नाही. आपण ‘थेंबभरही प्यायलो नाही’, ‘कणभरही खाल्लं नाही’ म्हणतो तसं. जुन्या फ्रेंचमध्ये थेंब, कण, ठिपका असेही टेकू होते. त्यांतला ‘पा’ टिकला आणि चालण्याशी संबंध सुटून सगळ्याच क्रियापदांना लागू लागला. आज शाळेत शिकवलेल्या फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’ असे दोन्ही असतात. पण घराघरांत बोलताना ‘न’ सर्रास गाळतात. उरतं काय? ‘पा’. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ ‘पाऊल’ होता आणि ज्यात नकाराचा अंशही नव्हता, तोच आता ‘नाही’ म्हणतो.

इंग्रजीतही हेच होऊन गेलं. मूळ ‘ने’, मग त्याला ‘काहीही नाही’ या अर्थाच्या शब्दाची जोड, मग तो जोडशब्द आक्रसून ‘नॉट’, आणि मूळचा सुटा ‘ने’ गायब. लॅटिनमधलं ‘नोन’ हेही ‘ने’ आणि ‘एक’ यांच्या जोडणीतून आलेलं. ‘एकही नाही.’

आणि आता ग्रीकांचा तो ‘ऊ’. त्यालाही असाच टेकू लागला. ‘ऊदेन’, म्हणजे ‘एकसुद्धा नाही’. यात नकार होता तो ‘ऊ’मध्ये. पुढे बोलता बोलता शब्दाचं तोंडच झिजलं आणि ‘ऊ’ गळून गेला. उरला ‘देन’. आजच्या ग्रीकमध्ये क्रियापदाला नकार द्यायचा तो याच ‘देन’ने. नकाराचा मूळ तुकडा निघून गेला, तरी उरलेल्या तुकड्याने त्याचं काम पुढे चालू ठेवलं. मालक गेल्यावर गड्याने शेत राखावं, तसं.

मराठीने वेगळीच वाट धरली. आपण ‘न’ला टेकू दिला तो क्रियापदाचा. ‘आहे’च्या जोडीला ‘नाही’ ठेवून बघा: आहेस, नाहीस. आहेत, नाहीत. ‘नाही’ हे आपल्याकडे नुसतं अव्यय नाही, ते चालवता येतं. मी येत नाही, तू येत नाहीस, ते येत नाहीत. ‘येत’ जागचं हलत नाही. कोण आणि किती हे सगळं ‘नाही’ सांगतं. हीच गत नको, नकोस, नका यांची, आणि नये, नयेस, नयेत यांची. इंग्रजी किंवा रशियन नकाराला हे जमत नाही. जमतं ते फिनिशला, जी आपल्या कुळातली मुळीच नाही. तिथे ‘येणे’चं रूप ‘तुले’ तसंच राहतं आणि नकार बदलतो: मी ‘एन तुले’, तू ‘एत तुले’, तो ‘एइ तुले’, ते ‘एइवात तुले’. येत नाही, येत नाहीस, येत नाहीत. हे साम्य शब्दाचं नसून घडणीचं आहे. मला हवाई-आयर्लंडच्या योगायोगापेक्षा हे कितीतरी जास्त थक्क करतं.

आपल्या शेजारणींनी आणखी वेगळं काही केलं. कोकणीत नुसता ‘ना’ हाच ‘नाही’: एकीकडे ‘आसा’, दुसरीकडे ‘ना’. असमियाने ‘न’ क्रियापदाच्या पुढे चिकटवला आणि त्याला क्रियापदाचाच स्वर दिला: ‘बुज’चं ‘नुबुज’, ‘लिख’चं ‘निलिख’. पाण्याने भांड्याचा आकार घ्यावा तसा तिथे नकार क्रियापदाचा स्वर घेतो. आणि आपल्या ‘नको’ने तर घराबाहेर पडून दखनीत, म्हणजे दख्खनच्या उर्दू बोलीत, ‘नक्को’ म्हणून मुक्काम केला.

उसनवारीचीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. नाराज, नालायक, नापसंत, नाइलाज यांतला ‘ना’ आपण फारसीकडून घेतला. म्हणजे संस्कृतातून आलेला ‘न’ घरात असतानाच त्याचा इराणी चुलतभाऊ मुक्कामाला आला. तो इतका रुळला, की इंग्रजीतून ‘पास’ आला तेव्हा त्यालाही आपण त्याच्याच हवाली केलं आणि ‘नापास’ केला. फारसी उपसर्ग, इंग्रजी शब्द, आणि वापरणारे आपण. या शब्दाला आज कुणी परका म्हणणार नाही.

जागा बदलली की अर्थ बदलतो

आता त्या दुसऱ्या ‘ना’कडे येऊ, जो नकार देत नाही.

वेदांत ‘न’चे दोन अर्थ आहेत. एक ‘नाही’. दुसरा ‘सारखा’, म्हणजे ‘इव’. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ‘गौरो न तृषितः पिब’ असं म्हटलं आहे. ‘तहानलेला नसलेला गौर’ असा अर्थ लावला तर घोटाळा होईल. अर्थ आहे, तहानलेल्या गौराप्रमाणे, रानातल्या गव्याप्रमाणे, पी.

मग कुठे कोणता ‘न’ हे ओळखायचं कसं? यास्काचार्यांनी निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या आपल्या प्राचीन ग्रंथात, याचं उत्तर देऊन ठेवलं आहे, आणि ते वाचताना आजच्या एखाद्या भाषाशास्त्रज्ञाची टिपणं वाचतोय असं वाटतं. ते म्हणतात, बोलीभाषेत ‘न’ नकारार्थीच, पण वेदांत दोन्ही. नकाराचा ‘न’ ज्याला नाकारायचं त्याच्या आधी येतो, जसं ‘नेन्द्रं देवममंसत’: इंद्राला देव मानलं नाही. उपमेचा ‘न’ ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर येतो, जसं ‘दुर्मदासो न सुरायाम्’: सुरेने माजलेल्यांप्रमाणे. बस्स. आधी की नंतर, एवढाच निकष. छंदाच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट टिपली: नकाराचा ‘न’ पुढच्या स्वरात सहसा मिसळून जातो, ‘न इन्द्रम्’चं ‘नेन्द्रम्’ होतं तसा, उपमेचा ‘न’ उच्चारताना पुढच्या स्वरात मिसळत नाही. त्याच्यानंतर किंचित थांबायला होतं. लिहिलेलं दोन्हीकडे एकच अक्षर, पण कानाला फरक कळायचा.

मराठीत हेच आपण न शिकता करतो. ‘न जाता’ म्हणताना ‘न’ आधी, आणि अर्थ नकार. ‘जा ना’ म्हणताना ‘ना’ नंतर, आणि अर्थ आर्जव. बंगालीत तर क्रियापदानंतरचा ‘ना’ दोन्ही कामं करतो. ‘जाबो ना’ म्हणजे जाणार नाही, पण आग्रहाने बसवताना ‘बोशो ना’ म्हटलं तर ‘बस ना’. सुरावरून ओळखायचं. आणि जपानीत काय आहे बघा: ‘इकु ना’ म्हणजे जाऊ नकोस, ‘इकि ना’ म्हणजे जा! ‘उ’चा ‘इ’ झाला आणि मनाईची आज्ञा झाली. पहिला ‘ना’ मुळातच मनाईचा, दुसरा ‘नासाइ’ या आज्ञार्थी शब्दाचं आखूड रूप.

नकाराचा शब्द आग्रहाकडे कसा वळतो, हे समजायला ‘तू येशील ना?’ कडे बघावं. याच्या मागे उभा आहे तो पूर्ण प्रश्न: तू येशील की नाही? लहान मुलांच्या बोलण्यात हा ‘की नाही’ आक्रसून ‘किनई’ होतो, आणि आणखी आक्रसला की उरतो तो ‘ना’. पोर्तुगीज माणूस वाक्याच्या शेवटी ‘ने?’ म्हणतो. ते ‘नाँव ए’ म्हणजे ‘नाही का’चं आखूड रूप. उत्तर जर्मनीतही बोलताना असाच ‘ने?’ लावतात. गुजरातीत ‘आवशो ने?’ म्हणजे ‘याल ना?’; शिवाय गुजरातीत ‘रामने’ म्हणजे ‘रामाला’ आणि ‘हुं ने तुं’ म्हणजे ‘मी आणि तू’, त्यामुळे ‘रामाने’ म्हणणाऱ्या मराठी माणसाने तिथे जपून ऐकावं. जपानीतही वाक्याच्या शेवटी ‘ने?’ येतो आणि अर्थ हाच. पण जपानी ‘ने’ आपल्या कुळातल्या नकारातून आलेला नाही, तो त्यांचा स्वतःचा आहे.

‘येशील ना?’ असं विचारणाऱ्याला ‘नाही’ ऐकायचंच नसतं. त्याने होकार गृहीत धरलेला असतो आणि ‘ना’ने तो फक्त मागून घेतलेला असतो. एकदा ‘ना’ होकार मागायला शिकला, की पुढची पायरी फार दूर नाही. ‘मी सांगितलं ना तुला!’ यात प्रश्नसुद्धा उरला नाही, नुसता ठामपणा आहे. आणि त्याच्याही पुढची पायरी आपण रोज चढतो. कुणी विचारतं, ‘येणार आहेस का?’ आपण म्हणतो, ‘येणार आहे ना!’ विचारतं, ‘आहेस का घरी?’ आपण म्हणतो, ‘आहे ना!’

या ‘ना’चा अर्थ सांगायचा झाला तर ‘हो, अगदी नक्की’ असाच सांगावा लागेल. ग्रीक माणूस मान डोलावून ‘ने’ म्हणतो, तेव्हा त्यालाही हेच म्हणायचं असतं.